धर्माभाऊजींचे चार ठोके

या रे पोरांनो, जरा जवळ सरका. आधी रागवायचं आहे तुम्हाला. या सदरात तुम्ही जे लिहिता ते मी सगळं वाचते... दुपारची भांडी आवरली की चष्मा लावून. आणि दर वेळी काय? अमावस्या, मध्यरात्र, वडाचं झाड, पांढरी साडी. अरे, भुतांना दुसरे कपडे नाहीत की काय. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आम्ही खाडीवरची कोळी माणसं, आम्हाला मेलेल्यांपेक्षा ओहोटीची धास्ती जास्त. पण माझ्याबाबतीत झालं ते भर दुपारी, आणि लोखंडात झालं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. तेव्हा आम्ही कळव्याला खाडीच्या काठाला राहायचो. घरामागे पत्र्याची शेड. तिचा कोबा खाडीकडे उतरता, बादली ओतली की पाणी सरळ खाडीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमची होडी होती, दोन सिलिंडरच्या डिझेल इंजिनाची. आमचे हे तांडेल, म्हणजे वर सुकाणूवर. आणि धाकटे दीर, धर्माभाऊजी, खाली इंजिनापाशी.

इंजिनाच्या धडधडीत हाक ऐकू येत नाही, म्हणून सासऱ्यांनी ठोके ठरवून दिलेले. वरून फळीवर दोन ठोके आले की हळू, तीन आले की मागे. खालच्याने पान्याने इंजिनावर तेवढेच परत मारायचे, म्हणजे ऐकलं. कानाला नाही कळलं तरी पायाच्या तळव्याला कळतं. आणि खालच्याला वर यायचं असेल तर त्याने चार मारायचे. वरून एक आला तरच इंजिन सोडायचं. नाही आला तर जागेवरून हलायचं नाही... काही झालं तरी. पूर्वी एकदा कोणीतरी न विचारता वर आला, तेवढ्यात जाळं होडीच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतलं, इंजिन बंद करायला खाली कोणी नाही, आणि एका खलाशाचा हात गेला. तेव्हापासून घरचा कायदाच झाला तो.

भाऊजी मोठे थट्टेखोर. जेवायला यायचे तर दारावरसुद्धा चार ठोके मारून बाहेर उभे राहायचे. मी भाकरी थापता थापता परातीवर एक थाप मारली की मग आत. "तांडेलीणबाईंची परवानगी मिळाली," म्हणायचे. इतकी वर्षं चाललं हे, की माझा हात आपोआप जायचा परातीवर.

मी सांगते त्या दुपारच्या दोन वर्षं आधी आमची होडी परत येताना खाडीच्या तोंडाशी पाण्याखालच्या खुंटावर आपटली आणि तळाची फळी फुटली. होडी कलंडली तेव्हा हे पाण्यात पडले, पोहत काठाला लागले. भाऊजी आलेच नाहीत. ओहोटीला होडी उघडी पडली तेव्हा ते इंजिनापाशीच सापडले, हातात पाना तसाच. वर यायला चार पायऱ्या होत्या हो नुसत्या. पट्टीचा पोहणारा माणूस. मग का नाही आला वर? हे एवढंच म्हणायचे, मला वाटलं तो आधीच बाहेर पडला. आम्ही परत कधी विचारलं नाही. पण एका ताटात जेवायचो ना, तेव्हा तो प्रश्न आमच्यामध्ये बसलेला असायचा.

पुढे होडी दुरुस्त झाली. यांनी ठरवलं की तेच इंजिन उघडून, साफ करून बसवायचं आणि नारळी पुनवेला होडी पाण्यात सोडायची. इंजिन सगळं सुटं केलं. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं नुसतं धड, चेन-पुलीला टांगून ठेवला. त्याच्या आत पाणी फिरायच्या वाटा असतात, त्या खाडीच्या चिखलाने आणि मिठाने दगडासारख्या भरलेल्या. माझा हात लहान, म्हणून ते काम माझं. लाकडी हातोड्याने वरून ठोकायचं, आतलं सुटलं की तारेने ओढायचं, मग रॉकेलने धुवायचं.

त्या दिवशी हे ठाण्याला पिस्टनच्या रिंगा आणायला गेलेले. मी एकटी. दोन ठोके मारायचे, तार घालायची... परत दोन ठोके. मध्येच पाणी प्यायला थांबले.

तर आतून दोन ठोके आले.

वाटलं, आतली खपली पडली असेल. मी मुद्दाम तीन मारले. थोडं थांबून आतून तीन. सावकाश, मोजून. हात ठेवून पाहिला तर लोखंड गार, आणि तळव्याला कळत होतं... कानाला नाही, तळव्याला. मी हातोडा खाली ठेवला.

मग मी काही न करता चार ठोके आले. थांबले. परत चार.

आणि माझ्या हाताने, अरे देवाची शपथ, मी नाही, माझ्या हाताने हातोडा उचलून एक मारला. जशी परातीवर थाप मारायची तशी.

शांत झालं सगळं. मग चेन करकरली. खाटेवरून कोणी उठल्यावर खाट कशी हलकी होऊन वर येते, तसा ब्लॉक हलला. खालून पाणी गळायला लागलं. रॉकेल नव्हे, पाणी. खाडीचा वास होता त्याला. दोन वर्षं कोरडं पडलेलं लोखंड ते. पाणी कोब्यावर उतरलं आणि... शेडचा उतार खाडीकडे सांगितला ना? पाणी चढाला गेलं. घराच्या दाराकडे.

हे आले तेव्हा मी रस्त्यावर बसलेली. घरात जायची छाती होत नव्हती. सगळं सांगितलं. वेडी झालीस म्हणतील असं वाटलं होतं. पण यांनी एवढंच विचारलं, "चार झाल्यावर तू काय मारलंस गो?"

"एक."

हे तिथेच धुळीत खाली बसले. मग म्हणाले, "मी ऐकलेले त्या दिवशी. चार. दोनदा. एक मिनिट इंजिन चालू राहिलं असतं तर होडी चिखलावर चढवली असती मी. म्हटलं, मग बोलावतो."

त्या एका मिनिटात होडी कलंडली होती.

ते इंजिन बसवलं नाही. ब्लॉक भरतीला खाडीच्या तोंडाशी नेऊन नारळासोबत सोडला. हे पुन्हा तांडेल म्हणून गेले नाहीत. होडी देऊन टाकली, आणि नव्वदनंतर आम्ही डोंबिवलीला आलो, दुसऱ्या मजल्यावर. माझा मुलगा म्हणतो, पत्र्याखाली लोखंड तापलं की वाजतं. वाजत असेल बाबा. पण मोजून?

इथे येऊन पाच-सहा वेळा झालं. भर दुपारी दारावर चार ठोके. थांबून परत चार. हे जिथे असतील तिथून भिंतीवर एक थाप मारतात... लगेच, जराही न थांबता. मी दार उघडते तर जिन्यात कोणी नसतं, उंबऱ्यावर ओल असते. यांना त्यानंतर शांत झोप लागते. मला लागत नाही. भाऊजी माझे लाडके होते, पण त्या दिवशी मी नेमकं कोणाला वर बोलावलं, हे मला अजून माहीत नाही.

असो. घरात आम्ही दोघंच असतो, दुपार फार मोठी वाटते. या ना एकदा डोंबिवलीला, लवकर या. बोंबलाचं कालवण करीन. फक्त एक करा, दाराशी बेल आहे, ती वाजवा. दार ठोकू नका.