पीठ झोपतं तेवढ्यात

मित्सुएताईंच्या डोक्यावरच्या रुमालात पेन्सिलीचं एक थोटूक कायम खोचलेलं असे. शेडमध्ये नवीन आलेल्या बाईला वाटायचं, हिशेबासाठी असेल. हिशेब त्यांचे यजमान शिगेओ बघत. ती पेन्सिल गोष्टीची होती.

जपानमधल्या आमच्या शोदोशिमा बेटावर हिवाळा म्हणजे सोमेन, केसासारख्या बारीक शेवया. समुद्रावरून कोरडं वारं सुटलं की घरोघर पीठ भिजतं. लग्न होऊन मी महाराष्ट्रातून इथे आले, तेव्हापासून मित्सुएताईंकडे वाळलेल्या शेवयांच्या जुड्या बांधते आहे. या कामात घाई चालत नाही. पीठ मळलं की त्याला झोपवायचं. उठलं की दोरासारखं लांबवायचं, तिळाच्या तेलाचा हात फिरवायचा, परत झोपवायचं. मग दोन काठ्यांवर गुंडाळून लाकडी पेटीत ठेवलं, की पुन्हा झोप. लवकर उठवलं तर तुटतं, फार झोपू दिलं तर लोळागोळा.

पीठ झोपलं की आम्ही बाया चहा ओतून घ्यायचो आणि कुणाकुणाच्या सुनांना नावं ठेवायचो. मित्सुएताई मूठभर कोरड्या पिठात हात घोळत, कारण तेलकट बोट लागलं की कागदावर पेन्सिल उमटत नाही. मग पेटीचं झाकण मांडीवर घेत, पिठाच्या रिकाम्या पिशवीचा कागद फाडून त्यावर पसरत आणि लिहायला लागत. चार ओळी होत, कधी दोनच. पीठ उठलं की पेन्सिल परत रुमालात.

"मित्सुए, तुझ्या गोष्टीत निम्मं पीठच असेल बघ," एखादी बाई चिडवायची.

"मग उकळून खा," त्या मान वर न करता म्हणत.

गोष्ट त्यांच्या आईची होती. आई दगडाच्या खाणीवर कामाला. खांद्यावरून दगड नेऊन होडीत चढवायची. ताई लहान असतानाच ती गेली. तिचा एकही फोटो नव्हता. खाणीवरच्या बाईचा फोटो काढणार कोण? तिला धडपणे पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, ताईंचे सासरे तोकुजीबाबा. तरुणपणी तेही त्याच खाणीवर होते. लिहून झालं की वर्तमानपत्राच्या कथास्पर्धेला पाठवायचं, हे ठरलेलं होतं. पण त्याआधी बाबांनी ऐकावं आणि 'हो, हीच ती' म्हणावं, एवढ्यावर ताईंचा जीव अडकला होता.

त्या हिवाळ्यात बाबांना थंडी बाधली. त्यातून उठले, पण बसल्या बसल्या डोळा लागू लागला, नावं निसटू लागली. एकदा त्यांनी मला मासेवालीच्या नावाने हाक मारली आणि बांगडा ताजा आहे का विचारलं. आम्ही हसलो. ताई हसल्या नाहीत. हातातली काठी तशीच धरून उभ्या राहिल्या.

शिगेओंच्या ते लक्षात आलं. बोटीने पलीकडच्या शहरात जाऊन ते एक टेबल घेऊन आले, वरच्या खोलीत खिडकीशी मांडलं आणि म्हणाले, "उद्यापासून शेडमध्ये यायचं नाही. इथे बसायचं आणि गोष्ट संपवायची. तुझं काम मी बघतो."

"तुम्ही? शेवयांचे धागे सोडवणार?"

"का? मला काय हात नाहीत?"

ताई वर बसल्या. मी दुपारचा भात घेऊन गेले तर टेबल लख्ख पुसलेलं, कागद कोरा. दुसऱ्या दिवशी कपाट आवरलेलं, कागद कोरा. तिसऱ्या दिवशी त्या खिडकीतून खाली वाळत घातलेल्या शेवया मोजत होत्या.

"काय गं करू?" मला म्हणाल्या. "इतकी वर्षं वाटायचं, वेळ नाही म्हणून राहिलंय. आता सगळा दिवस समोर आहे, आणि आई पाठ फिरवून बसलीय."

मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि ताट उचलून खाली आले.

मग एक दिवस बाबाच जिना चढले. कठड्याला धरून, दर पायरीला थांबत. दारात धापा टाकत म्हणाले, "सूनबाई, खाली चल. तुझ्या नवऱ्याने पेटीभर शेवयांचा चुरा केलाय."

ताईंना रडू फुटलं. "बाबा, मला लिहिताच येत नाहीये."

"मग खाली येऊन रड. पिठाला मीठ लागतंच."

त्या रडता रडता हसल्या. रुमाल बांधला, पेन्सिल खोचली आणि खाली आल्या. पेटी उघडली, लांब काठीने चिकटलेले धागे एकेक सोडवू लागल्या. हात कामात गुंतले आणि ओठ हलायला लागले. आपल्याकडे जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते मी इतक्या लांब येऊन डोळ्यांनी पाहिलं. पीठ झोपेपर्यंत वाक्य तोंडात तयार असे, फक्त झाकणावर उतरवायचं. चार ओळींवर चार ओळी. आमचा चहा व्हायचा, त्यांचा एक परिच्छेद.

अंगणातल्या उमेच्या, म्हणजे जपानी जर्दाळूच्या झाडाला फुलं आली तेव्हा गोष्ट संपली. पीठ पेटीत झोपलेलं, बाबा शेगडीपाशी. ताई वाचू लागल्या. आमचा चहा पेल्यातच निवला. बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, गेले झोपी. वाचून संपलं तरी बाबा हलेनात.

"गाठ," बाबा म्हणाले.

"काय बाबा?"

"रुमालाची गाठ. तू हनुवटीखाली लिहिलीस. ती डाव्या कानामागे बांधायची. दगड उजव्या खांद्यावर ना, मग गाठ त्याच्या आड येऊन कसं चालेल?"

ताईंनी तोंडावर हात धरला. मग हळूच विचारलं, "आणि बाकीचं?"

"बाकीचं काय? मघापासून इथेच तर होती." बाबांनी डोळे उघडले. "पीठ बघ आधी. उठलं असेल."

ताईंनी तिथेच गाठ खोडून डाव्या कानामागे नेली, मग पेटी उघडली.

गोष्ट स्पर्धेत पहिली आली, रविवारी पानभर छापून आली. पुढे शहरातल्या एका प्रकाशकाने आणखी गोष्टी मागितल्या, त्यांचं पुस्तकही झालं. सगळ्या त्याच झाकणावर लिहिलेल्या. वरच्या टेबलावर आता मुळे वाळत असतात, आणि शिगेओ म्हणतात, माझं टेबल वाया गेलं नाही.

वर्तमानपत्राचं ते पान बाबांनी शेडच्या दाराशी चिकटवून घेतलं. शेवया घ्यायला कोणी आलं की काठी टेकत उठायचे आणि पानावर बोट ठेवायचे.

"ही माझी विहीण. बघा, गाठ डावीकडे आहे."

पानावर चित्र नव्हतं, नुसती अक्षरं. तरी माणसं वाकून बघायची आणि म्हणायची, "हो की."