भिंगावरची टोपी

हवाई दलात मी टेहळणी विमानाचा कॅमेरा सांभाळायचो. उड्डाणाआधी भिंगावरची टोपी काढून खिशात ठेवायची, हे मी झोपेतसुद्धा चुकलो नसतो.

एकदा विमान परत आलं, तर किती फोटो निघाले ते दाखवणारा आकडा शून्यावरच. टोपी राहिली असती तरी फिल्म पुढं सरकलीच असती. म्हणजे वैमानिक साहेबानं बटणच दाबलं नव्हतं. पण त्या लबाडानं वर लिहून दिलं की मी टोपी काढायला विसरलो. मी आकडा दाखवला, पण साहेबापुढं माझं कोण ऐकतंय? मला टोपी घालून तो मोकळा झाला. माझी बढती अडली ती अडलीच.

निवृत्तीनंतर गारखेड्यात आम्हा जुन्या लोकांचा मेळावा भरला. तिथं त्यानं माझ्या बायकोसमोर तोच किस्सा रंगवून सांगितला. सगळे पोट धरून हसले. मग मधल्या खुर्चीत ऐटीत बसून म्हणाला, "चला, आता आमचा फोटो काढा."

माझ्या जुन्या कॅमेऱ्यात बघायची काच वेगळी आणि भिंग वेगळं. काळ्या भिंगावरची काळी टोपी त्या सत्तरीतल्या डोळ्यांना काय दिसणार! मी अख्खा रोल संपवला.

आठवड्यानं त्याचा फोन आला, "फोटो कुठंयत?"

"साहेब, टोपी काढायची राहिली."

"परत विसरलास?" तो खेकसला.

"या वेळी खरंच राहिली," मी म्हणालो आणि फोन ठेवला.