टेबलावरची गाठ

अण्णा, म्हणजे माझे वडील, नव्या घरी पहिल्यांदा आले आणि जेवणाच्या टेबलापाशीच थबकले. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस. टेबल सागवानी नाही, वर लाकडासारखा दिसणारा सनमायका आहे, हे त्यांना सांगायची मला लाज वाटत होती.

त्यांनी तळहात फिरवला. एका जागी लाकडाची गाठ होती, तपकिरी, डोळ्यासारखी. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही छापलीय ना रे?"

"हो, अण्णा. चित्रच आहे ते."

त्यांना हसू आलं. "गाठीची फळी गिऱ्हाईक परत पाठवायचं. रंधा अडायचा तिथे. मी आयुष्यभर गाठी कापून टाकल्या आणि इथे मुद्दाम बसवल्यात!"

हे मला कधी सुचलंच नव्हतं. नक्कल करणाऱ्याने लाकडाचा दोष तेवढा नेमका उचलला होता, कारण निर्दोष फळी कुणाला खरी वाटली नसती. माझ्या रेक्झिनच्या पाकिटावरही सुरकुत्या ठशाने उमटवल्या आहेत. जनावराच्या कातडीवर त्या पडायला त्याला जगावं लागतं.

अण्णा अजून वाकून बघतच होते. आता नावं ठेवणार, असं मला वाटलं.

"चित्र काढणाऱ्याने झाड नीट पाहिलंय," ते म्हणाले. "इथे फांदी फुटली होती बघ. रेषा कशा वळसा घालून गेल्यात."

मग खुर्ची ओढून बसले आणि सुनेला म्हणाले, "वाढ गं, भूक लागलीय."