जवाईबापू, हा डबा हलका हाये

माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका संतापी माणूस वर्धा जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो माणसांवर रागावत असेल. मेहुण्यांचा राग वस्तूंवर. सैल पिन, पातळ वायर, खोटं लेबल दिसलं की ते असे भडकत, जणू त्या वायरनं घरात शिरून कुणाचा अपमान केला आहे. जन्मभर त्यांनी आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवली. पवनारला एका साखरपुड्यात त्यांनी मांडवातले दिवे बंद करवले, उघड्या जोडांना टेप गुंडाळली आणि मगच मुलाकडच्यांना अंगठी काढू दिली. मी घरचा जावई, म्हणून माझ्याशी अदबीनं बोलणं त्यांना भाग होतं. त्यामुळे मला शिव्याही बहुवचनात मिळत.

काही वर्षांपूर्वी मला आभासी नाणी कमावण्याचं वेड लागलं. उघड्या सांगाड्यावर सहा ग्राफिक्स कार्डं बसवायची. ती दिवसभर आकडेमोड करतात आणि त्याबद्दल इंटरनेटवर नाण्याचे कण जमा होतात. पिपरी मेघेच्या आमच्या घरात मागची खोली रिकामीच होती. कार्डं आणली, उरला त्यांना वीज देणारा पॉवर सप्लाय. बायको म्हणाली, दादाला विचारा. मी विचारलं आणि फसलो.

हिंगणघाटच्या एका दुकानात दुकानदारानं दोन हजार वॅट लिहिलेला चकचकीत डबा पुढे केला. मेहुण्यांनी तो भोपळ्यासारखा तळहातावर तोलला आणि त्यांचे कान लाल झाले. "दोन हजार लिवून ठेवले, अन् आत तांबंच नाई. जवाईबापू, हा डबा हलका हाये." बारा व्होल्टच्या तारेवर किती अँपिअर मिळतात, हे त्यांनी दुकानदाराला तीनदा विचारलं, त्यानं तिन्ही वेळा चहा मागवला. पुढे चार दुकानं अशीच गेली. कार्डांसोबत हार्ड डिस्कच्या नाजूक पिनांच्या जोडवायरी आल्या होत्या. एवढा भार त्या पिनांनी काऊन सोसायचा, असं म्हणत त्यांनी सहाही माझ्यादेखत पकडीनं कापल्या. भार नऊशे वॅटचा, म्हणजे सप्लाय खऱ्या बाराशेचा हवा, हा त्यांचा हट्ट. महिना उलटला, कार्डं खोक्यातच. शेवटी त्यांच्याच ओसरीवर माझा तोल सुटला. मी म्हणालो, "दादा, मला मशीन चालवायची आहे, तुमची परीक्षा द्यायची नाही." त्यांनी कप खाली ठेवला आणि ते आत निघून गेले. मीही रागानं थेट हिंगणघाट गाठलं आणि तोच डबा, नव्या जोडवायरींसकट, उचलून आणला.

मशीन आठ दिवस चालली. नवव्या दिवशी दुपारी मी ऑफिसात असताना डब्याचा प्लग वितळला आणि खिडकीच्या पडद्यानं पेट घेतला. खोलीची वीज आपोआप तुटली म्हणून आग वाढली नाही. बायकोनं वाळू टाकून ती विझवली. मी धावत आलो तेव्हा तिनं सांगितलं, की आमच्या भांडणानंतर दादा एका सकाळी मी नसताना आला, मागच्या खोलीसाठी बोर्डावर गडबड होताच वीज तोडणारा वेगळा ब्रेकर बसवून गेला, आणि मला सांगू नको म्हणाला.

संध्याकाळी मेहुणे आले. जळलेल्या डब्यासमोर उभं राहून त्यांनी त्याला अर्धा तास झोडपलं, त्याच्या कारखान्याला, लेबल छापणाऱ्यालाही. मग बहिणीला हात दाखवायला सांगितला. मनगटावर फोड होता. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "जवाईबापू, माझी बहीण या खोलीच्या बाजूले झोपते." त्या एका वाक्यापुढे मला माझ्या सगळ्या रागाची लाज वाटली.

नंतर त्यांनी निवडलेल्या सप्लायवर मशीन चालली, कार्डांवर ते नाणं कमावण्याची पद्धतच जगभर बंद होईपर्यंत. मग कार्डं विकली. मेहुणे लेकीकडे पुण्याला राहायला गेले. तिथे सोसायटीचा इलेक्ट्रिशियन असतो, आणि लेक त्यांना स्टुलावर चढू देत नाही.

मागच्या महिन्यात इन्व्हर्टर घ्यायचा म्हणून मी त्यांना फोन केला, वहीपेन घेऊनच बसलो. ते म्हणाले, "दुकानदार सांगन तो घ्या, जवाईबापू. आता सगळेच चांगले असतात." मग वर्ध्यात ऊन तापलं का, असं विचारलं. मी हो म्हटलं. समोरच्या वहीचं पान कोरंच राहिलं. पण फोन कुणीच लवकर ठेवला नाही.