देवी काढल्या का?

वस्तीतल्या बायका चांगुणाबाईला एका गोष्टीवरून हसायच्या. सहा-सात वर्षांची कुठलीही पोर हाताशी सापडली, की ही बाई तिचा दंड धरायची, झंपरची बाही वर सारायची आणि टोचल्याचे वण शोधायची. पोर ओळखीची असो की बिनओळखीची. लग्नाच्या मांडवात, विहिरीवर, वडीगोद्रीच्या बाजारात भर गर्दीत. वण दिसले की त्यावरून बोट फिरवायची आणि "बरं हाय, जाय आता," म्हणून सोडून द्यायची. एकदा एका व्यापाऱ्याच्या लेकीचा दंड धरला तेव्हा तिच्या आईनं चारचौघांत चांगलंच फैलावर घेतलं. चांगुणाबाईनं निमूट ऐकून घेतलं आणि पुढच्या बाजारी पुन्हा तेच केलं.

हसणाऱ्यांना काय, हसायला निमित्त लागतं. पण त्यांच्यातल्या एकीनंही कधी विचारलं नाही, की बाई, तू पोरींचेच दंड का बघतेस, पोरांचे का नाही?

तिला एक पोर होती, सत्यशीला. अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात देवीच्या रोगानं गेली, सात वर्षांची असताना. त्याला वीस वर्षं होत आली, तरी कापूस वेचता वेचता चांगुणाबाईचा हात मधेच थांबायचा. आज असती तर सत्तावीस वर्षांची असती. तिलाही लेकरं असती. भीमजयंतीला माहेरी आली असती, कडेवर एक, हाताशी एक. हे सगळं ती मनातल्या मनात इतकं बारीक बघायची, की लेकीच्या हातातल्या पिशवीचा रंगसुद्धा ठरलेला होता. बोलायची मात्र कुणाजवळ नाही. नवरा भिवा जिवंत होता तोवर त्याच्याजवळ नाही, तो गेल्यावर मुलगा पुंजाराम आणि सून मालन यांच्याजवळही नाही. घरात सत्यशीलेचं नाव निघालं, की ती चुलीकडं तोंड करून बसायची. लोक म्हणायचे, दुःख हाय. दुःख होतंच. पण नुसतं दुःख असतं तर बाई बोलली असती.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत वस्तीत डांग्या खोकला शिरला. समोरच्या तातेरावाची धाकटी खोकून खोकून निळी पडायला लागली. पलीकडच्या वाडीत एक लेकरू दगावल्याची बातमी आली. मग सरकारी दवाखान्याची नर्स कमरुन्निसा वस्तीत येऊन घरोघर सांगून गेली: "येत्या बेस्तरवारी शाळेत सुई आहे. नवीन आहे. तीन बीमाऱ्यांना एकच. पाच वर्षांच्या आतली सगळी लेकरं आणा. बिलकुल डरू नका."

पुंजाराम कामावरून आला, त्यानं ऐकलं आणि हातपाय धुवायच्या आधीच सांगून टाकलं, "माझ्या लेकरांना सरकारची सुई लागणार न्हाई."

असं म्हणणाऱ्याला अडाणी म्हणून मोकळे होणारे पुष्कळ असतात. त्यांना कुणी ट्रकमध्ये बसवलेलं नसतं. पुंजाराम रस्त्याच्या कामावर गिट्टी पसरायला जायचा. दीड वर्षापूर्वी, आणीबाणीत, मुकादमानं पंधरा जणांना ट्रकमध्ये घातलं, तपासणी आहे म्हणून सांगितलं, आणि संध्याकाळी नसबंदी झालेल्या पोराला वाकून चालत घरी यावं लागलं. तेवीस वर्षांचाही नव्हता तो. बेबीनंदा तेव्हा रांगत होती आणि धाकटा मिलिंद अजून पोटात होता. त्या दिवसापासून पुंजाराम पांढऱ्या कपड्यातला माणूस दिसला की रस्ता बदलायचा.

"माझ्याकडं ही दोनच हायती," तो मालनला म्हणाला. "तिसरं आता होणार न्हाई, ते त्यांनीच ठरवून टाकलं. ह्यांना काय झालं तर मी कुठून आणू?"

"म्हणून तर म्हणून राह्यले मी," मालन म्हणाली. "दोनच हायती. खोकला आपल्या दारात आल्यावर मंग काय करायचं?"

"सुईनं काय होतंय? आक्कीला टोचलंच होतं ना? टोचणारा दारावर लिव्हून गेल्ता. वाचली का आक्की?"

आक्की म्हणजे त्याची थोरली बहीण, सत्यशीला. मालननं सासूकडं बघितलं. पुंजारामनंही आईकडं बघितलं, साक्षीदाराकडं बघावं तसं. चांगुणाबाई चुलीकडं तोंड करून बसली.

त्या टोचण्याचं काय झालं होतं ते जगात फक्त तिला माहीत होतं.

सत्तावन्न साली वस्तीनं धम्म घेतला. नुसता सभेत हात जोडून नव्हे, घरादारासकट. प्रत्येक घरातले देव काढायचे ठरलं. देव्हारे रिकामे झाले, खंडोबा, मरीआई, जे काय असतील ते सगळे टाक एका पोत्यात बांधले आणि बैलगाडीनं शहागडला नेऊन गंगेत सोडले. गोदावरीला तिकडं गंगाच म्हणतात. नंतर दोन-चार महिने तालुक्याचे कार्यकर्ते गावोगाव फिरून विचारायचे, देव काढले का, देवी काढल्या का, कुणी लपवून तर ठेवलं नाही ना. भिवा त्यांच्या पुढंपुढं असायचा. छाती फुगवून सांगायचा, आमचं घर साफ हाय.

घर साफ नव्हतं. चांगुणाबाईनं एक टाक ठेवला होता. चांदीच्या पत्र्यावरची बोटभर मरीआई, लग्नात मंठ्याहून, माहेराहून, निघताना आईनं पदराला बांधून दिलेली. ती तिची पूजा करत नव्हती, हळद-कुंकू वाहत नव्हती. आई मरून गेली होती आणि आईच्या हातचं एवढंच उरलं होतं. कणगीतल्या ज्वारीत, हात खोल घालून, तळाशी ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात एके दिवशी उन्हं चढल्यावर एक माणूस दारात आला. पांढरी टोपी, काखेत वही, खांद्याला पिशवी. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता आणि पुण्याकडची माणसं बदलून इकडं येत होती, त्यातला हा. देवीच्या रोगावर लस टोचणं हे त्याचं काम. निजामाच्या राज्यात त्याला टीका म्हणायचे, वस्तीत टोचणं म्हणायचे. पुण्याकडं त्यालाच देवी काढणं म्हणतात, हे चांगुणाबाईला कुणी सांगायचं?

माणूस वहीतून मान वर न काढता म्हणाला, "देवी काढल्या का?"

चांगुणाबाईला वाटलं, हाही त्या कार्यकर्त्यांतलाच. कणगी तिच्या पाठीमागं, चार हातांवर होती.

"काढल्या," ती म्हणाली.

"घरात किती जण?"

"तिघं. बारकं पोरगं मंठ्याला आजोबाकडं हाय."

"सगळ्यांच्या काढल्या?"

तिला ऐकू आलं, सगळ्या काढल्या?

"समद्या काढल्या," ती घाईनं म्हणाली आणि दारात आडवी उभी राहिली. "एक बी ठिवली न्हाई. घर साफ हाय."

माणसाला अजून दोन वाड्या उरकायच्या होत्या. त्यानं दंड बघितला नाही. खरं तर सत्यशीला तिथंच अंगणात चिंचोके खेळत बसली होती, उघड्या दंडाची. त्यानं गेरूनं दारावर आकडा टाकला, पुढं खूण केली आणि निघून गेला. चांगुणाबाईचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिनं आनंदानं पोरीला ज्वारीच्या लाह्या भाजून दिल्या.

चैत्रात वस्तीत रोग आला. सत्यशीलेच्या अंगावर फोड उठले तेव्हा भिवा दारावरचा आकडा दाखवून म्हणाला, "टोचून गेल्ते ना? मंग कसं आलं हे?" त्या क्षणी चांगुणाबाईला कळलं, त्या टोपीवाल्यानं काय विचारलं होतं. सगळं एकदम कळलं. आणि तिच्या तोंडून आलं, "व्हय, टोचून गेल्ते."

नवव्या दिवशी पोर गेली. मंठ्याला आजोबांनी वेळेत टोचून घेतलेला पुंजाराम वाचला. चांगुणाबाईनं टाक कणगीतून काढला आणि एकटी चालत शहागडला जाऊन नदीत फेकला. तेव्हापासून ती वण शोधत होती. दुसऱ्यांच्या पोरींच्या दंडावर, जणू चुकून कधीतरी आपल्या पोरीचा दंड हाती लागेल.

आणि आता तिचं तेच खोटं पोराच्या तोंडी आलं होतं. आक्कीला टोचलंच होतं ना? दोन नातवंडं त्या खोट्याच्या भरवशावर बिनसुईची राहणार होती. सांगावं तर पोरगा तोंड बघणार नाही. न सांगावं तर समोरच्या घरातून दिवसभर तो खोकला ऐकू येतच होता.

बुधवारी दुपारी ती भाकरी घेऊन रस्त्याच्या कामावर गेली. रोज मालन जायची. पुंजाराम बाभळीखाली बसला, त्यानं भाकरी मोडली, आणि चांगुणाबाई उभ्या उभ्याच बोलायला लागली. बसली असती तर तिचा धीर सुटला असता. टाक सांगितला, कणगी सांगितली, टोपीवाला सांगितला. तो काय म्हणाला आणि आपण काय म्हणालो, ते शब्दाला शब्द सांगितलं. वीस वर्षं रोज म्हटलेलं, एक अक्षर इकडचं तिकडं झालं नाही.

"आक्कीला टोचलं नव्हतं, पुंजा. टोचलेलं असतं तर वाचली असती. तुला टोचलं होतं, तू वाचला. माझ्या जिभेनं गेली ती."

पुंजारामनं हातातला घास परत भाकरीवर ठेवला.

"दादाला म्हाईत होतं?" त्यानं बापाबद्दल विचारलं.

"न्हाई."

"मरेपत्तूर?"

"मरेपत्तूर न्हाई."

त्यानं अर्ध्या भाकरीवरच हात धुतला, उठला आणि कामाला लागला. चांगुणाबाईनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली. घरापर्यंतची वाट तिला कधी नव्हे ती लांब वाटली. संध्याकाळी पुंजाराम तिनं वाढलेलं जेवला, एवढंच.

बेस्तरवारी तो कामावर गेला नाही.  उन्हं अंगणात आली तशी त्यानं मिलिंदला खांद्यावर घेतलं, बेबीनंदाचं बोट धरलं आणि शाळेकडं चालायला लागला. दोघी बायका मागून निघाल्या, थोडं अंतर ठेवून.

शाळेत गर्दी अशी नव्हतीच. तातेरावाच्या घरची, आणखी चार-पाच लेकरं. पुंजाराम कमरुन्निसासमोर उभा राहिला आणि त्यानं एकेक गोष्ट विचारायला सुरुवात केली. बाटलीत काय हाय? कशासाठी हाय? कुठं टोचणार? पुढं ह्यांना लेकरं होतील ना? हे शेवटचं त्यानं दोनदा विचारलं.  कमरुन्निसानं सुई खाली ठेवली. तिनं बाटली त्याच्या हातात दिली, त्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, तिन्ही रोगांची नावं मराठीत सांगितली.

"होतील, भाऊ," ती म्हणाली. "माझ्या स्वतःच्या लेकराला दिली मी. आज ताप येईल, मांडी सुजेल, उद्यापर्यंत उतरेल. हे आधी सांगते, नंतर मला शिव्या देऊ नका."

"जे हाय ते सांगा, बाई. न सांगता कायबी करू नका. माझं एवढंच म्हणणं हाय," पुंजाराम म्हणाला आणि त्यानं मिलिंदला मांडीवर घट्ट धरलं.

ताप आला. दुपारी मिलिंद भट्टीसारखा तापला, बेबीनंदा रडून रडून थकली. मालनचा चेहरा उतरला. चांगुणाबाई ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसली, आणि प्रत्येक घडीला तिला तो उन्हाळा आठवत होता. नर्सनं ताप येईल म्हणून सांगितलं होतं, तरी ती पुन्हा पुन्हा मिलिंदचं कपाळ चाचपत होती. पुंजाराम दारात बसून होता. तो ना आत आला, ना उठून गेला.

दिवेलागणीच्या सुमाराला मिलिंदला घाम फुटला. त्यानं डोळे उघडले, फडकं ओढलं आणि तोंडात घातलं. बेबीनंदानं भाकरी मागितली. मालन हसली आणि पिठाचा डबा काढायला उठली. चांगुणाबाईनं भिंतीला पाठ टेकली. आता पोरगा काय बोलेल ते बोलो, ऐकून घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

पुंजाराम आत आला. तिच्याजवळ, जरा लांब, बसला. त्यानं मिलिंदच्या पायावरून हात फिरवला.

"माय," तो म्हणाला, "आक्की दिसायला कशी होती गं? मला कायच आठवत न्हाई."

चांगुणाबाईनं चुलीकडं बघितलं, पण तिकडं मालन बसली होती. तिला तोंड वळवायला जागा नव्हती.

"सावळी होती," ती म्हणाली. "तुझ्यापेक्षा सावळी. केस लई. आन हट्टी. धम्म घेतल्यावर तुझ्या दादानं तिचं नाव बदलून सत्यशीला ठिवलं, तर त्या नावाला ओ द्यायची न्हाई. म्हणायची, मी कुठं सत्यशीला, मी तर द्वारकी. आजारात बी तसंच. दादा सत्यशीला सत्यशीला म्हणून हाका मारत बसले, ही डोळे मिटून गप. मंग मी कानाशी जाऊन द्वारके म्हणलं, तवा डोळे उघडले तिनं."

वीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं. ती पुन्हा एकदा म्हणाली, "द्वारके," आणि मग तिला रडू आवरेना. पुंजाराम सरकून जवळ आला. "आजून सांग," तो म्हणाला.