वरच्या मजल्याचं मीटर

मी आयुष्यात कधी कर्ज घेतलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा मला बँकेत मिळाली. तो राग अजून गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही.

कारंज्याला हायवेवर माझा धाबा आहे. सुरुवात चहाच्या टपरीने केली होती. पुढे टीन टाकले, मग विटा आल्या, मग वर स्लॅब पडला आणि आम्ही वर राहायला गेलो. या इमारतीतली एकही वीट मी सांगितल्या भावाने घेतलेली नाही. भाव करण्याची माझी एकच रीत आहे. समोरचा आकडा सांगतो, आपण आपला सांगायचा, आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मात्र हळू. दुकानाची पायरी उतरेपर्यंत मागून हाक येते. हाक आली की भाव आपला. ट्रकवाले, कणकीचे व्यापारी, गॅसवाले, सगळे मला यासाठी ओळखतात, आणि थोडे घाबरतातही, कारण हाक आली नाही तर मी शिव्या देतो.

उधार मात्र कधी नाही. ही मायची शिकवण. ती मूळची नाचणगावची. बाप लवकर गेला तेव्हा तिने पुलगावच्या एका जिनिंगमध्ये कापूस वाहिला, आणि मी टपरी टाकेपर्यंत वाहतच राहिली. तोंडाला पदर बांधायची, पण कापसाची धूळ पदराने थांबत नाही. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवयासुद्धा पांढऱ्या दिसायच्या. त्या कमाईत घर चालायचं नाही तेव्हा आम्ही नुसत्या तिखटाशी भाकर खाल्ली, पण किराणावाल्याच्या वहीत तिने नाव चढू दिलं नाही. दिवाळीच्या आधी ती मुद्दाम त्याच्या दुकानात जायची आणि चार लोकांसमोर विचारायची, "माह्या नावावर काही हाय का?" त्याने "नाई" म्हटलं की मगच करंजीचा रवा घ्यायची.

त्याच धुळीने शेवटी तिचं फुप्फुस खाल्लं. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ऑक्सिजनचं यंत्र लावा, दिवसरात्र. यंत्र म्हणजे पाण्याच्या ड्रमएवढी एक पेटी. हवा ओढते, त्यातला ऑक्सिजन वेगळा करते आणि नळीने नाकाशी आणते. चालते विजेवर. दवाखान्याने आणि त्या पेटीने गल्ल्यातली शिल्लक संपवली होती. त्यात आमचं सगळं, खालचा धाबा आणि वरचं घर, एकाच व्यापारी मीटरवर. मायचा श्वास तंदुरी रोटीच्या दराने मोजला जायचा.

पण खरी गोष्ट बिलाची नव्हती. एका दुपारी लाईन गेली. घरचा जुना इन्व्हर्टर दिवे-पंखे ओढायचा, ती पेटी ओढायचा नाही. अशा वेळेसाठी एक सिलिंडर ठेवलेला होता. त्याचा पाना मी कुठे ठेवला ते मला आठवेना. बायको खोलीभर शोधत होती, मी शिव्या देत होतो, आणि माय आमच्याकडे पाहत होती. तिचे ओठ जांभळे होत होते. पाना शेवटी खाटेखाली सापडला. त्या रात्री मी ठरवलं की हिच्या खोलीची वीज कुणाच्या मर्जीवर राहता कामा नये.

गावात तेव्हा सोलरची हवा होती. मागच्या कॉलनीत मास्तरलोकांच्या स्लॅबवर निळे पॅनल चढले होते. मी सोलर बसवणाऱ्याला बोलावलं. तरुण माणूस, गळ्यात टेप, तोंडात साखर.

"शेठ, केंद्राची योजना हाय. घरासाठी सबसिडी. आधी आपण बसवाचं, वीज कंपनी येऊन पाह्यते, नवीन मीटर लावते, मंग पैसे खात्यात."

"अन् धाब्याले?"

"धाब्याले सबसिडी नाई. व्यापारी मीटर हाय तुमचं."

"म्हंजे मास्तर झोपते ते घर, अन् मी झोपतो ते दुकान?"

तो हसला. मी हसलो नाही. मग त्याने व्यापाऱ्यांसाठीचे मार्ग सांगितले. एक, स्वतः पैसे घालायचे आणि घसारा दाखवून आयकरात सूट घ्यायची. ती आयकर भरणाऱ्याच्या कामाची, आणि माझा धंदा गल्ल्यातून गल्ल्यात. दोन, एखादी कंपनी तिच्या खर्चाने पॅनल लावून देते, आपण तिला युनिटमागे पैसे द्यायचे, करार पंचवीस वर्षांचा. मी म्हटलं, एवढ्या मुदतीचा करार वाचायला दिला असता तर मी लग्नसुद्धा केलं नसतं. बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "अजून वाचा. म्या कुठं जाऊन राह्यली."

मार्ग तिच्याच नावात निघाला. धाब्यावर उद्या काही बालंट आलं तर डोक्यावर छप्पर राहावं म्हणून मी वरचा मजला पूर्वीच तिच्या नावावर केला होता. वरच्या मजल्यासाठी वेगळं घरगुती मीटर घेतलं की सबसिडी मिळणार होती. मी खूश झालो. मग सहज विचारलं, "लाईन गेली तर हे चालू राह्यते ना?"

सोलरवाल्याने टेप गुंडाळला. "नाई शेठ. लाईन गेली का हेबी बंद. लाईनमन खांबावर काम करत असते, आपली वीज उलटी जाऊन त्याले झटका बसला तं?"

"वर ऊन तापून राह्यलं, अन् घरात अंधार?"

"बॅटरी लावा लागते. तिचा इन्व्हर्टर वेगळा. अन् बॅटरीवर सबसिडी नाई."

मी त्याला जिन्यावरून खाली घालवला. कॉलनीतल्या निम्म्या लोकांनी हा प्रश्न विचारलाच नव्हता, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो, बॅटरीसकट भाव विचारला, माझा सांगितला, पाठ फिरवली. पायरीवर हाक आली.

उरलं बँकेचं काम. या योजनेत घरासाठी कर्ज कमी व्याजाने आणि बिनतारण मिळतं. घर बायकोच्या नावावर असलं तरी पैशाचं काम माझं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मी कर्ज मागायला गेलो. आदल्या रात्री झोप लागली नाही. साहेब माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने माझा आधार नंबर टाकला आणि स्क्रीनकडे पाहत राहिला.

"काका, तुमचा क्रेडिट स्कोअरच नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही. परतफेडीची काही नोंदच नाही. रिटर्न पण भरलेले नाहीत. तुमच्यावर भरवसा कशाच्या आधारावर ठेवायचा?"

मी त्याला विचारलं, या हायवेवर कुणाचे पैसे माझ्याकडे निघतात ते सांग. कुणाचेच निघत नाहीत. हाच आधार. तो म्हणाला, सिस्टीममध्ये तसा रकाना नाही. मी आवाज चढवला. लोक वळून पाहायला लागले. मग मी पाठ फिरवली आणि निघालो, हळू. काचेच्या दारापर्यंत गेलो. दार ढकललं. पायऱ्या उतरलो. मागून हाक आली नाही.

हा माझा राग. ज्याने घेऊन फेडलं तो चांगला, ज्याने घेतलंच नाही तो संशयित. मायने दुकानात उभं राहून जे वर्षानुवर्षं मिरवलं, त्याची किंमत त्या स्क्रीनवर शून्यही नव्हती. शून्य निदान आकडा तरी असतो.

घरी येऊन ताट सरकवलं. बायकोने ते परत पुढे केलं आणि म्हणाली, "माह्या नावानं पाह्य म्हनाव."

ती बचत गटात होती. गटातून बँकेचं कर्ज घेऊन तिने मिरची कांडायचं यंत्र आणलं होतं, ते फेडलं, मग मसाल्यासाठी पुन्हा घेतलं, तेही फेडलं. मी तिला 'कर्जवाली' म्हणायचो. ट्रकवाल्यांसमोरही म्हणायचो. दुसऱ्या दिवशी ती एकटीच बँकेत गेली, मी धाब्यावर थांबलो. साहेबाने तिला खुर्ची दिली, चहा दिला, मॅडम म्हणाला. मंजुरी मिळाली, सहअर्जदार म्हणून माझी सही लागेल म्हणे. परत आली तेव्हा तिने फक्त एवढंच म्हटलं, "कर्जवालीनं काम केलं तुमचं. आता जेवा."

पैशाचं जुळलं. पॅनल आणि इन्व्हर्टर कर्जातून, बॅटरी रोखीने. त्यासाठी मी धाब्याचा नवा फ्रीजर ढकलला पुढच्या वर्षावर. सोलरवाल्याची माणसं स्लॅबवर छिद्रं पाडू लागली तेव्हा मायने मला वर बोलावलं.

"हे माह्यासाठी करून राह्यला काय?"

"धाब्यासाठी."

"धाब्याले सबसिडी नाई म्हने. मले सगळं ऐकू येते. फुप्फुस गेलं, कान नाई गेले." तिने दम घेतला. "कर्ज काढलं?"

मी पेटीच्या हिरव्या दिव्याकडे पाहू लागलो. तिने नाकाची नळी काढली आणि उशीवर ठेवली. पेटी घुरघुरत होती.

"माय, लाव ते."

"उधारीचा श्वास नाई घेत म्या."

मी समजावलं, ओरडलो, बायकोला हाक मारली. ती ढिम्म. तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी माझा आकडा सांगितल्यासारखं म्हणालो, "ठीक आहे, नको लावू," आणि पाठ फिरवली. खोलीच्या दारापाशी गेलो. जिन्याशी गेलो. एक पायरी उतरलो. खाली कांदा परतल्याचा वास येत होता, स्लॅबवर ड्रिल चालू होतं. मागून हाक येईना. आयुष्यात इतका हळू मी कुठल्याच दुकानातून निघालो नसेन.

शेवटी मीच परत फिरलो. तिचे ओठ पुन्हा तसेच होत होते.

"बोल," मी म्हणालो. "तुह्या अटी सांग."

"माही निराधारची पेन्शन येते. ती हप्त्यात भराची."

"तेवढ्यानं काय होते, माय?"

"जेवढं होते तेवढा श्वास माहा." ती थांबली. "अन् ते सबसिडीचे पैसे येईन ना, ते धाब्यात घालाचे नाई. पयले बँकेत भरजो."

"भरतो."

"कबूल?"

"कबूल."

तेव्हा तिने नळी उचलली. आयुष्यात एकदाच मी समोरच्याच्या भावाने सौदा केला.

पॅनल लागले, वीज कंपनीचा माणूस पाहून गेला, नवं मीटर बसलं. वैशाखात एका भर दुपारी लाईन गेली. खाली धाब्याचे पंखे थांबले, ट्रकवाले बाहेर झाडाखाली गेले. मी जिना चढून वर धावलो. पेटी चालू होती. हिरवा दिवा तसाच. मायने डोळे उघडले.

"काऊन धावून राह्यला?"

"लाईन गेली."

"कवा? मले समजलंच नाई."

तिच्या तोंडून मी माझ्याबद्दल चांगलं फार कमी ऐकलं आहे. हे त्यातलं एक.

ती पावसाळ्यात गेली. वीज गेली म्हणून नाही, वीज होतीच. फुप्फुसातच काही उरलं नव्हतं. पेटी बंद केली तेव्हा खोलीत जी शांतता झाली ती आम्हा दोघांनाही सोसवली नाही. बायकोने पंखा लावला.

सबसिडी नंतर आली, बायकोच्या खात्यात. तेव्हा धाब्याचा जुना फ्रीजर पार मेला होता, दूध रोज नासत होतं. बायकोने विचारलं, "काय कराचं?" मी म्हटलं, "कबूल केलं आहे." आम्ही दोघं बँकेत गेलो आणि सगळी रक्कम कर्जात भरली. तोच साहेब होता. त्याने दोघांचेही नंबर टाकले आणि हसून वर पाहिलं.

"काका, हप्ते वेळेवर आहेत, आता तर तुमचाही स्कोअर चांगला झाला. धाब्यासाठी काही पाहिजे का? फ्रीजर, सोलर? बघू आपण."

मी पावती घेतली आणि पाठ फिरवली. या वेळी हळू नव्हतो. काचेच्या दाराशी मागून हाक आली, "काका, थांबा तर." बायको थांबली. मी पायऱ्या उतरलो.

आता वरच्या मजल्यावर वीज उरते. मायच्या पेटीला लागायची तेवढी रोज लाईनवर जाते, आणि वर्षाच्या शेवटी उरलेल्या युनिटांना वीज कंपनी जो भाव देते तो ऐकून मला संताप येतो. तिथे भाव करता येत नाही. दिवाळीच्या आधी मी बायकोसोबत बँकेत गेलो, खिडकीपाशी उभा राहिलो आणि चार लोक ऐकतील अशा आवाजात विचारलं, "हिच्या नावावर किती बाकी हाय?" खिडकीतल्या बाईने आकडा सांगितला. अजून बाकी होती. रवा न घेताच आम्ही घरी आलो.