फॉर्मचं पॅकेज

फॉर्म भरणं हीसुद्धा एक नोकरीच आहे, फक्त तिला पगार नसतो. मी ती पंधरा-सोळा वर्षं इमानेइतबारे केली. तलाठी, ग्रामसेवक, कनिष्ठ सहायक. एकदा तर छाती भरत नसताना वनरक्षकसुद्धा. दर वेळी तोच फोटो पन्नास केबीत कोंबायचा, तीच सही कोऱ्या कागदावर काळ्या पेनानं करायची, तोच जातीच्या दाखल्याचा नंबर टाकायचा, आणि शेवटच्या पानावर साइट बंद पडली की पुन्हा पहिल्यापासून. चाळिशी ओलांडल्यावर मी हात टेकले. अभ्यासाचा कंटाळा नव्हता. अभ्यास मला आजही आवडतो. पण नवी जाहिरात आली की ते सगळं परत भरायचं अगदी जिवावर यायचं.

मेहकरला बसस्टँडच्या मागं ऑनलाइन फॉर्मचं एक दुकान आहे. दुकानदार माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलायला गोड. त्यानं वर्षभराचं पॅकेज काढलं होतं. कागदपत्रं एकदाच देऊन टाकायची. जाहिराती तोच पाहणार, फॉर्म तोच भरणार, हॉलतिकीट मोबाइलवर पाठवणार. हे पॅकेज माझ्या बायकोनं घेतलं. ती घरी शिवणकाम करते. तिनं माझ्या कागदांची फाइल लावली, एकेका झेरॉक्सवर मला सही करायला बसवलं आणि म्हणाली, तुम्ही निस्ते पेपर द्या.

सुरुवातीला फार सुख वाटलं. मी एका खाजगी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. वर्गात असताना फोन वाजायचा. पलीकडून दुकानदार म्हणायचा, सर, ओटीपी आला असंल, सांगा. मी खडू खाली ठेवून सहा आकडे वाचून दाखवायचो आणि पोरं गालातल्या गालात हसायची. कोणत्या खात्याचा फॉर्म आहे हेसुद्धा मी नंतर नंतर विचारेनासा झालो. उंटावरून शेळ्या हाकण्यात एक आराम असतो, तो मी पुरेपूर घेतला.

मग जिल्हा परिषदेची भरती निघाली. आमच्या प्रवर्गाला त्रेचाळीसपर्यंत वय चालतं, आणि माझी त्रेचाळिशी दिवाळीनंतर भरत होती. म्हणजे ही शेवटची. घरात कुणी तसं बोललं नाही, पण बायकोनं त्या महिन्यात शिलाईची नवी कामं घेतली नाहीत, मशीनचा आवाज नको म्हणून. परीक्षेला ती माझ्यासोबत अकोल्याला आली. केंद्राबाहेर निंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. पेपर चांगला गेला. मी बाहेर आलो तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि डबा उघडला. त्या दिवशी आम्ही दोघंही फार खूश होतो.

यादी लागली. आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. तीनदा पाहिलं. मग नंबर टाकून शोधलं, तर मी निघालो रायगडच्या यादीत. तिथं चार गुणांनी हुकलो होतो. बुलढाण्याला आमच्या प्रवर्गातून जो शेवटचा लागला, त्याला माझ्यापेक्षा दोन गुण कमी होते.

मी तसाच दुकानात गेलो. एका पदासाठी एकाच जिल्ह्यात अर्ज करता येतो, हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, मग माझा अर्ज समुद्रात काऊन टाकला, असं सगळ्यांसमोर त्याला विचारलं. त्यानं मला आत बसवलं. त्याचं म्हणणं असं की त्या पदासाठी त्याच्याकडे तीसेक गिऱ्हाइकं होती. सगळी बुलढाण्यात टाकली असती तर एकमेकांचेच गळे कापले गेले असते, म्हणून तो दर भरतीला माणसं वाटून टाकतो. ज्याला आपला जिल्हा पाहिजे तो तसं सांगतो. जो सांगत नाही त्याला तो जिथं जागा जास्त आणि गर्दी कमी तिथं धाडतो. या खेपेला त्याला कोकण बरं दिसलं. विदर्भातल्या आणखी कितीतरी दुकानदारांना ते बरं दिसलं असावं, कारण रायगडच्या यादीत सगळी आमच्याकडचीच आडनावं होती.

"मले इचारायचं तरी होतं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"इचारलं होतं सर," तो हळूच म्हणाला. "म्या फोन केलता. कोनता जिल्हा टाकू म्हनलं. तुमी म्हनले, टाका कोनताबी, काय फरक पडते."

आणि मला ते आठवलं. व्हरांड्यात उभा होतो, काखेत चाचणीचे पेपर होते, सकाळपासून त्याचा तिसरा फोन होता. मी ओटीपी सांगितला आणि हेच शब्द बोललो होतो. बोलून वर्गात गेलो आणि विसरलोही. मला इतकी शरम वाटली की पाणी पिऊन गुमान उठलो.

घरी बायको दारातच होती. खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं, दुकानदारानं घोळ घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून मला म्हणाली, चला.

दुकानात तिनं आवाज अजिबात चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. "भाऊ, तुमाले आमचाच फॉर्म भेटला होता काय? त्याइचा हा आखरीचा होता," एवढंच म्हणाली. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी लॅमिनेशनच्या मशीनकडे पाहत राहिलो. मग तो खाली मान घालून म्हणाला, "हाव वहिनी. मायीच चूक झाली. माफ करा."

तिनं फाइल परत मागितली. त्यानं ती कपाटातून काढली, वरची धूळ पुसली आणि तिच्या हातात दिली. आम्ही बाहेर पडलो. स्टँडपर्यंत ती ती फाइल छातीशी धरून चालत होती. मग थांबली आणि माझ्या शर्टाची कॉलर सारखी करत म्हणाली, "आता तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमची त काई चूक नोती."

मी हाव म्हणालो.